घसा दुखला तर

लग्न होऊन मी राहात्याजवळच्या वस्तीवर आले तेव्हा घरात सासू-सासरे नव्हते. दोघांनाही जाऊन काही वर्षं झाली होती. घर चालवत होत्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. पोरंसोरं, गडीमाणसं, शेजारपाजार, सगळेच त्यांना आक्का म्हणत. मीही म्हणू लागले. मी नगरची, शाळामास्तरांची मुलगी. सातवीची परीक्षा पास झालेली, पण चुलीपुढे अगदीच कच्ची. भाकरी थापायला घेतली की ती काठवटीतच तुटायची. पहिल्या आठवड्यात आक्का माझ्या हातच्या तुटक्या भाकरी स्वतःच्या ताटात घ्यायच्या आणि धड असलेल्या दुसऱ्यांना वाढायच्या. कुणाला काही बोलायच्या नाहीत. बाई कशी आहे ते मला तेवढ्यावरून समजलं होतं.

आमच्याकडे पाटाचं पाणी होतं. ऊस असायचा, थोडी पेरूची बाग होती, हिवाळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ लागायचं. थोरले भाऊजी, म्हणजे आक्कांचे मालक, आणि माझे यजमान शेत बघत, पण कुठल्या वाफ्यात काय पेरायचं ते आक्कांना विचारल्याशिवाय ठरत नसे. बांधावर उभं राहून त्यांनी हाक दिली की पलीकडच्या रानातला गडी तिथूनच ‘ओ’ द्यायचा.

माझ्या लग्नानंतर पहिली दिवाळी आली आणि गेली, आणि तिथपासून आक्कांचं काहीतरी बिघडत गेलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या खूप खाऊ लागल्या होत्या. गड्याच्या बरोबरीनं भाकरी खायच्या, आणि तरी वाळत चालल्या होत्या. चोळीच्या बाह्या दंडावरून सैल पडल्या. पौषातल्या थंडीत आम्ही गोधड्या ओढून झोपायचो, तेव्हा त्या ओट्यावर उघड्यावर पडलेल्या असायच्या आणि तरी कपाळावर घाम. दूध गाळायला घेतलं तर हात असा थरथरायचा की निम्मं चुलीपुढे सांडायचं. डोळे मोठे दिसायला लागले, नुसते मोठे नव्हे, पुढे आल्यासारखे. त्यांच्याकडे बघणाऱ्याला वाटायचं, या आत्ता कशालातरी दचकल्या आहेत.

आणि राग. पूर्वी ज्यांनी कुणाला उणा शब्द बोललेला मी ऐकला नव्हता, त्या आक्का आता मिठावरून भांडायच्या, पोरांना फोकानं मारायच्या आणि मग त्यांनाच जवळ घेऊन रडायच्या. त्यांची दोन्ही मुलं माझ्यामागे लपायला लागली. याचाही त्यांना राग येई. एकदा सगळ्यांदेखत त्या मला म्हणाल्या, की तू या घरात पाय ठेवल्यापासून मला हे लागलंय, तू पांढऱ्या पायाची आहेस.

शेजारच्या बायका हे आधीपासून बोलतच होत्या, पण आक्कांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मात्र मला फार लागलं. देवऋषी आणून झाला. त्यानं बाहेरचं आहे म्हणून सांगितलं, लिंबू उतरवलं, कोंबडं घेतलं. राहात्याच्या डॉक्टरांनी शक्तीचं औषध दिलं. कशानं काही फरक पडला नाही. घरातल्या सगळ्यांनी हळूहळू मनाशी धरून टाकलं की आक्का आता अशाच राहायच्या.

पंचमीला मी माहेरी गेले तेव्हा वडिलांना हे सगळं सांगितलं. पांढऱ्या पायाचं सांगितलं नाही. तरी त्यांना काहीतरी समजलं असावं, कारण ते बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. मग म्हणाले, “बाहेरचं काय आहे ते मागाहून पाहू. आधी आतलं काय आहे ते डॉक्टरांना पाहू दे.”

नगरात त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. स्वतःचा छोटा दवाखाना, मागे चार-सहा खाटा. भाऊजींना तयार करण्यात दसरा उलटून गेला. शेवटी एका सकाळी भाऊजी, आक्का आणि मी सर्व्हिस मोटारीनं नगरला निघालो. राहुरीच्या पुढे मोटारीत बरीच गर्दी झाली, तेव्हा आक्का दारातल्या वाऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत त्यांचा जीव घाबरत होता.

डॉक्टर वयानं फार नव्हते, पण सावकाश बोलायचे. त्यांनी आक्कांना दोन्ही हात सरळ पुढे धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद थरथर थरथर करू लागला. मग त्यांनी मान चाचपली, पाणी गिळायला लावलं, छातीला नळी लावली, डोळे पाहिले. आणि मग खुर्ची जवळ ओढून आक्कांनाच सांगू लागले, भाऊजींना नाही. मानेत पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, सगळ्यांनाच असते. अंगात आच किती ठेवायची ते ती ठरवते. तुमची ग्रंथी आच वाढवतच चालली आहे. म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही, थंडी वाजत नाही, झोप येत नाही, छाती धडधडते, आणि राग आवरत नाही.

आक्कांनी विचारलं, “राग बी?”

“रागसुद्धा.”

आक्का पदर तोंडाला लावून बसल्या. वर्षभर सगळ्यांनी, त्यांनी स्वतःही, त्यांना दुष्ट ठरवलं होतं, आणि इथे हा परका माणूस सांगत होता की तो एक आजार आहे. मीही खाली मान घालून बसले होते. मला वाटत होतं, आजारच असेल तर माझ्या पायांचा त्याच्याशी काय संबंध?

डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. एक शस्त्रक्रियेचा, पण आताच्या धडधडीत ती त्यांना झेपणार नाही. दुसरा गोळ्यांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला निघालेल्या नव्या गोळ्या होत्या, मुंबईहून मागवाव्या लागत. त्या ग्रंथीला शांत करतात. बहुतेकांना चांगल्या मानवतात. पण, ते म्हणाले, एखाद्याच्या बाबतीत या गोळ्या एक वाईट गोष्ट करतात. रक्तात पांढऱ्या पेशी म्हणून असतात, बाहेरून आलेला रोग अंगात घुसू न देणाऱ्या. शेतावर राखण असते ना, तशा. या गोळ्यांनी कधी कधी त्याच नाहीशा होतात. मग साधा रोगही माणसाला आवरत नाही. त्याची पहिली खूण घशात दिसते. घसा दुखला, ताप आला, तोंडात फोड आले, यांतलं काहीही झालं तर त्या क्षणी गोळी बंद करायची आणि त्याच दिवशी इकडे यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही.

हे त्यांनी आम्हा तिघांकडून एकेकदा म्हणवून घेतलं. आक्कांना हसू आलं. घसा दुखतो म्हणून कुणी मोटारीत बसून नगरला येतं का, असं त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की एक बाई अशाच उशिरा आल्या होत्या. पुढे त्या बाईंचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. मग एका पहाटे मी उठले तर आक्का घरात, भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेल्या होत्या, आणि अंगावर गोधडी होती. मी भाऊजींना बोलावू शकत नव्हते, कारण थोरल्या दिराशी मी बोलत नसे. म्हणून माझ्या यजमानांना हाक मारून दाखवलं. आम्ही दोघं दारात उभं राहून झोपलेल्या बाईकडे बघत होतो, जसं कुणी पाळण्यातल्या मुलाकडे बघतं.

त्यानंतर रोज काही ना काही परत येत गेलं. हात स्थिर झाले. गालांवर मांस आलं. पोरं पुन्हा त्यांच्या मांडीवर जाऊन बसू लागली. एकदा नगरला जाऊन रक्त तपासून आलो, डॉक्टरांनी ठीक आहे म्हणून सांगितलं. पुढच्या खेपेला मात्र उसाची तोड लागली होती, आणि जायचं राहून गेलं.

त्या दिवसांतच एकदा दुपारी आम्ही दोघी अंगणात तूर निवडत बसलो होतो.  मग आक्का खाली बघतच म्हणाल्या, “धाकटे, मागल्या साली मी तुला लई बोलले. बोलत हुतं ते कोन, माझं मलाच कळत न्हाई.”

मी म्हटलं, आजार होता तो. त्यावर त्यांनी एक खडा वेचून बाहेर फेकला. नंतर म्हणाल्या, की असं म्हटलं तर सोपं होतं, पण शब्द तर माझ्याच तोंडातून आले होते.   माणसाचा स्वभाव म्हणून आपण जे धरून चालतो त्यातलं किती त्याचं स्वतःचं असतं आणि किती मानेतल्या एवढ्याशा ग्रंथीचं, हे कोण मोजणार? मला एवढंच कळलं होतं, की पहिल्या आठवड्यात तुटकी भाकरी स्वतःच्या ताटात घेणारी बाई परत आली आहे आणि ती पुन्हा जाऊ नये.

गुऱ्हाळ जोरात चाललं होतं. थंडी कडक होती. दिवसभर येणारा-जाणारा गार रस प्यायचा, पोरं तर तिथेच पडलेली असायची, त्यामुळे घरात सगळ्यांचेच घसे धरले होते. आक्कांची मुलं खोकत होती, माझ्या यजमानांचा आवाज बसला होता. मी सगळ्यांसाठी हळद-मीठ घालून पाणी तापवत होते. अशात जेवायला बसलेल्या आक्कांकडे माझं लक्ष गेलं. त्यांनी भाकरी दुधात कुस्करून घेतली होती. लहान मुलासारखा एकेक घास तोंडात धरत आणि मग डोळे मिटून गिळत होत्या.

मी विचारलं, घसा दुखतोय का? त्या म्हणाल्या, नाही, दात दुखतोय.

सकाळी त्यांचं अंग तापलेलं होतं. मी त्यांना हाताला धरून अंगणात उन्हात नेलं आणि तोंड उघडायला लावलं. नको नको म्हणत त्यांनी उघडलं. आत दोन्ही बाजूंना सुजलं होतं, आणि त्यावर मळकट पांढरा थर होता. ओठाच्या आत एक फोड.  मी म्हटलं, आक्का, आजपासून गोळ्या बंद. आपण नगरला जाऊ.

त्यांनी माझा हात झिडकारला. गोळ्यांची बाटली फडताळात होती, तिकडे जाऊन त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या, जशी काही मी ती हिसकावून घेणार होते. त्यांना बोलायलाही त्रास होत होता.

“गोळ्या बंद करायच्या, आन् ती बाई पुन्ना घरात आनायची व्हय?”

“कोण बाई?”

“मागल्या सालची. तुला पांढऱ्या पायाची म्हननारी. पोरास्नी फोकानं मारनारी.” मग थांबून म्हणाल्या, “या गोळ्यांनी मला मानसांत आनलंय, धाकटे. मी न्हाई सोडनार.”

मला त्यांच्याशी भांडता येईना. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि डॉक्टरांचं म्हणणंही खरं होतं. ज्या औषधानं त्यांना आम्हाला परत दिलं तेच आता त्यांना घेऊन जात होतं. हे त्यांना पटवत बसायला वेळ नव्हता.

मी डोक्यावरचा पदर नीट केला आणि गुऱ्हाळाकडे निघाले. आमच्या घरची सून तिकडे पुरुषमाणसांत कधी जात नसे. मोठ्या काहिलीतला रस उकळून वर आला होता, गुळव्या फावड्यानं ढवळत होता, वाफेत नीट दिसतही नव्हतं. मला बघून सगळ्यांचे हात थांबले. माझे यजमान पुढे आले. पण मी त्यांना ओलांडून थेट भाऊजींपाशी गेले. लग्न झाल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द समोर बोलले नव्हते.

मी म्हटलं, “भाऊजी, आक्कांना ताप आहे आणि घशात पांढरं दिसतंय. डॉक्टरांनी त्याच दिवशी या म्हणून सांगितलं होतं. आज जायला पाहिजे.”

भाऊजी गोंधळले. मी बोलले याचाच त्यांना जास्त धक्का बसला असावा. ते दुसरीकडे बघत म्हणाले, “पोरांचेबी घसे धरल्यात. थंडीचं हुतंय तसं.”

“पोरं त्या गोळ्या खात नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काहिलीकडे पाहिलं. तो रस उतरायला अजून बराच अवकाश होता आणि गुळाची पारख त्यांच्याइतकी तिथे कुणाला नव्हती.  मग खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसले, माझ्या यजमानांना म्हणाले, तू बघ इकडं, आणि गाडी जुंपायला गेले. त्या काहिलीतला गूळ नंतर काळा आणि कडू झाला असं मी ऐकलं. त्यावरून घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नाही.

आक्का नवऱ्यासमोर हट्ट करू शकल्या नाहीत. बैलगाडीनं मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून मोटारीनं आम्ही नगरला पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. बाटली मी घेतली होती, पण त्यांना दिसणार नाही अशी. सगळ्या वाटेत त्या माझ्या खांद्यावर डोकं टाकून होत्या. अंगाची आच माझ्या लुगड्यातून मला लागत होती.

डॉक्टरांनी घसा पाहिला आणि पुढे काही न विचारता बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. आतल्या खोलीत खिडकीपाशी त्यांचा मायक्रोस्कोप होता. ते त्याच्यावर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी मला विचारलं, गोळी शेवटची कधी घेतली? मी म्हटलं, काल. आज घेऊ दिली नाही. त्यांनी मान हलवली. मग भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, की पांढऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नाहीत. आणखी दोन दिवस गोळ्या चालल्या असत्या तर माझ्या हातात काही राहिलं नसतं. आताही मी खात्री देत नाही, म्हणाले.

पेनिसिलीन तेव्हा नवंच होतं. त्यांच्याकडे थोडं होतं, ते लगेच सुरू केलं. पुरणार नव्हतं. माझ्या वडिलांनी शाळेत रजा टाकली आणि पहाटेच्या गाडीनं पुण्याला गेले. दुसऱ्या दिवशी थर्मासमध्ये बर्फ घालून त्यात बाटल्या घेऊन परतले. तो थर्मास त्यांनी दोन्ही हातांत असा धरून आणला होता, की दवाखान्याच्या पायऱ्या चढताना त्यांना कठड्याला हात लावता येईना.

आक्कांना कोपऱ्यातल्या खोलीत एकटीला ठेवलं. आत फक्त मी. डॉक्टरांनी मला साबणानं हात धुवायला आणि तोंडाला फडकं बांधायला शिकवलं. राखण उठून गेलेलं शेत आहे हे, ते म्हणाले, कुणालाही आत येऊ द्यायचं नाही. भाऊजी दारात उभे राहून बघायचे आणि जायचे. दर थोड्या तासांनी सुई. आक्कांच्या तोंडात इतके फोड आले होते की पाण्याचा थेंब गिळताना डोळ्यांतून पाणी वाहायचं. तापात त्या बडबडत, पण ती बडबड शेताची होती, पाटाचं पाणी कुठल्या दाऱ्यानं सोडायचं त्याची.

ताप जरा कमी झाल्यावर एका सकाळी डॉक्टर आले असताना आक्कांनी खुणेनं त्यांना जवळ बोलावलं. आवाज निघत नव्हता, नुसती कुजबुज. ज्यानं बरं केलं त्यानंच असं कसं केलं, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

डॉक्टर खाटेच्या कडेला टेकले. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलतील. ते म्हणाले, “मलाही ठाऊक नाही. शंभरजणी या गोळ्या घेतात आणि त्यांना काही होत नाही. तुम्हालाच का, ते मला सांगता येत नाही. आधी ओळखताही येत नाही. म्हणून तर घशाचं एवढं बजावतो.”

आक्कांना हे उत्तर आवडलं असावं. देवऋष्यापासून सगळ्यांनी त्यांना ठाम कारणं सांगितली होती. ठाऊक नाही म्हणणारा हा पहिलाच भेटला. त्यांनी मान हलवली आणि रक्त तपासायला आपणहून बोट पुढे केलं.

रोज सकाळी असं बोट टोचलं जाई आणि रोज डॉक्टर आतल्या खोलीतून तोंड मिटून बाहेर येत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. मग एके दिवशी त्यांनी आतूनच मला हाक मारली. त्यांनी दोन काचा तयार केल्या होत्या. पहिलीवर माझं रक्त होतं, मघाशीच माझ्याही बोटातून घेतलेलं. मी डोळा लावला. फिकट गुलाबी टिकल्यांची दाटी, आणि मध्येमध्ये जांभळ्या ठिपक्यांचे काही मोठे गोळे. हेच ते, पांढरे, ते म्हणाले. रंग घातल्याशिवाय दिसत नाहीत. मग दुसरी काच सरकवली, आक्कांची. गुलाबी टिकल्याच टिकल्या. डॉक्टर काच हळूहळू सरकवत होते आणि मी बघत होते. मग कडेनं एक जांभळा गोळा आत आला. थोडं पुढे आणखी एक.

“काल एकही नव्हता,” डॉक्टर म्हणाले.

मी धावत जाऊन आक्कांना सांगितलं, की पांढऱ्या पेशी यायला लागल्या. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “म्हंजे पांढरं आलं की सगळं वाईटच हुतं, आसं न्हाई म्हनायचं.” आणि माझा हात धरून ठेवला. पांढऱ्या पायाबद्दल त्यांनी मागितलेली माफी ती हीच. त्यापुढे आमच्यात तो विषय निघाला नाही.

पण एवढ्यावर सुटका झाली नव्हती. गोळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे जुना आजार पुन्हा डोकं वर काढू लागला. घसा बरा झाला, तोवर हात परत थरथरायला लागले, झोप गेली. आक्कांना ते आमच्याआधी कळलं. एकदा त्यांनी माझ्यावर उगाच आवाज चढवला आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला. मला वाटतं, त्या साऱ्या आजारपणात त्यांना सर्वांत मोठी भीती तेव्हा वाटली. मरणाची वाटली नव्हती तेवढी.

डॉक्टरांनी आता शस्त्रक्रियेशिवाय वाट नाही म्हणून सांगितलं. गोळ्या पुन्हा कधीच नाही. आधी काही आठवडे अंथरुणावर विश्रांती आणि दुधातून आयोडिनचे थेंब, धडधड जरा आटोक्यात आणायला, आणि मग पुण्याला नेऊन ग्रंथीचा बराचसा भाग काढायचा. धोका किती तेही त्यांनी लपवलं नाही. आवाज बिघडू शकतो, हेही सांगितलं. भाऊजी रडकुंडीला आले. एका दुखण्यातून आत्ताच वाचवली, तिचा गळा कापायचा कसा, म्हणाले. आक्का मात्र एक रात्र विचार करून सकाळी हो म्हणाल्या. एकदा माणसांत राहून बघितलं, आता त्या दुसऱ्या बाईबरोबर मला नांदायचं नाही, असं त्यांनी भाऊजींना सांगितलं.

फाल्गुनात शस्त्रक्रिया झाली आणि चैत्रात आम्ही त्यांना घरी आणलं. मानेवर आडवा व्रण राहिला, डोरल्याच्या मण्यांच्या जरा वर. आवाज कायमचा घोगरा झाला. बांधावरून हाक मारणं संपलं. पहिले काही दिवस त्या सवयीनं तोंडाशी हात नेत आणि मग आपल्यालाच आठवून खाली घेत. ते मला बघवत नसे. पुढे गड्यांनाच सवय झाली, त्या बांधावर दिसल्या की ते आपणहून जवळ येत.

राग त्यांना पुढेही यायचा. कुणाला येत नाही? पण त्यांचा आवाज चढला की सगळे चोरून त्यांच्या डोळ्यांकडे, हातांकडे बघायचे. एकदा त्यांनी भाऊजींना असं बघताना पकडलं. म्हणाल्या, “काय बघता? आता आला तर तो माझाच राग हाय.” भाऊजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या वडिलांकडून निरोप आला, की डॉक्टरांनी आक्कांना जमलं तर एकदा बोलावलंय, आजारासाठी नव्हे, एका कामासाठी. आम्ही दोघी गेलो. दवाखान्यात कर्जतकडची एक बाई आली होती, नवऱ्याबरोबर. माझ्याच वयाची असेल. डोळे पुढे आलेले, थंडीत घाम, पायाची सारखी चाळवाचाळव. तिला तेच दुखणं होतं. डॉक्टर तिला गोळ्या देऊ बघत होते आणि ती घ्यायला तयार नव्हती. राहात्याकडच्या एका बाईला त्या गोळ्यांनी मारता मारता सोडलं, असं तिच्या कानावर गेलं होतं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की ते खरं आहे. मग म्हणाले, त्या बाईलाच विचार.

डॉक्टर आम्हाला बसवून बाहेर निघून गेले. मला वाटलं होतं, आक्का नको म्हणतील. कुणीही म्हटलं असतं. त्यांनी आधी त्या बाईला विचारलं, झोप येते का. ती म्हणाली, नाही. पोरं किती, विचारलं. एक मुलगी आहे, ती म्हणाली, पण हल्ली आजीकडेच असते, माझ्याजवळ येत नाही. आणि रडू लागली.

आक्कांनी तिला रडू दिलं. मग त्या घोगऱ्या आवाजात, शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, “घे गोळ्या. मला त्यांनी दोन महिनं माझी पोरं परत दिली. ती दिली नसती तर फुडचं सगळं सोसायला मी तयारच झाले नसते.” नंतर त्या तिच्या नवऱ्याकडे वळल्या. घसा दुखला तर काय करायचं ते त्याला सांगितलं, आणि शेतात काही का चाललेलं असेना, तेव्हाचं तेव्हा निघायचं, असं बजावलं. घरात घसा बघणारं कोण आहे, तेही विचारलं. तो म्हणाला, माझी बहीण आहे. तिला पुढच्या खेपेला घेऊन ये, आक्का म्हणाल्या.

त्या बाईनं डोळे पुसले आणि जरा भीत भीत विचारलं, मानेवरचं बघू का. आक्कांनी डोरलं बाजूला करून मान वर केली. ती जवळ सरकली. मग बोटानं हळूच चाचपून बघितलं.

तिला गोळ्या चांगल्या मानवल्या, असं डॉक्टरांकडून नंतर कळलं. त्या दिवशी मोटारीला अवकाश होता, म्हणून आम्ही बाजारात गेलो. आक्कांनी पोरांसाठी रेवड्या घेतल्या आणि त्यातल्या चार मला दिल्या, घरी जायच्या आत खाऊन टाक म्हणून.